दुखणे अर्पण करताना

बेळगावातल्या कुठल्याही इस्पितळात डायलिसिसच्या खोलीबाहेर तासभर बसले, तर दोन वाक्ये हमखास कानी पडतात. "भोग आहेत, भोगून संपवायचे," हे एक आणि "देव कसली शिक्षा देतोय कोण जाणे," हे दुसरे. आपली कॅथोलिक माणसेही गळ्यात क्रूस असताना हेच बोलतात, कारण ही वाक्ये भाषेबरोबरच आपल्या पदरी पडली आहेत. माझी आई खानापूर तालुक्यातल्या गावाहून दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्या खोलीत जात असे. तिच्याजवळ बसून जे उमगले आणि ख्रिस्तसभेची (चर्चची) शिकवण दुखण्याविषयी जे सांगते, ते ज्यांच्या घरी लांबलेले दुखणे आहे त्यांच्यासाठी लिहीत आहे.

पहिल्यांदा शिक्षेचा विचार मनातून काढावा. योहानाच्या शुभवर्तमानात, नवव्या अध्यायात, एका जन्मांध माणसाकडे पाहून शिष्य विचारतात की पाप याने केले की याच्या आईबापांनी. त्यावर येशू सांगतो की यानेही नाही आणि त्यांनीही नाही. जुन्या करारात संकटांनी पिळलेल्या ईयोबाचे मित्र त्याला पापी ठरवण्यासाठी अध्यायच्या अध्याय बोलतात आणि अखेर देवाचा राग त्या मित्रांवरच होतो. समाचाराला येऊन असले काही सुनावणाऱ्या नातेवाइकांशी वाद घालू नये. चहा द्यावा आणि विषय बदलावा.

मग गाऱ्हाणे मांडावे. "देवाची इच्छा" हे शब्द आपण फार घाईने उच्चारतो, असे माझे मत आहे. गेथशेमाने बागेत येशू आधी "हा प्याला माझ्यापासून टळून जावो" असे म्हणतो आणि त्यानंतरच पित्याच्या इच्छेचे बोलतो, क्रुसावर तर तो बाविसाव्या स्तोत्रातली "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" ही ओळच ओरडून म्हणतो. आपला बेळगाव धर्मप्रांत 1953 साली गोव्यापासून वेगळा झाला, पण गोव्याशी असलेल्या त्या जुन्या नात्यामुळे कित्येक घरांत तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, कोकणीत होतो, मिस्सा (चर्चमधली उपासना) कधी इंग्रजीत तर कधी कन्नडमध्ये असते आणि इस्पितळाचे कागद आणखी वेगळ्या भाषेत असतात. गाऱ्हाणे मात्र ज्या भाषेत तोंडून "आई गं" निघते, त्याच भाषेत करावे. रात्री दिवा मालवल्यावर, काय दुखते, कशाची भीती वाटते, कोणाचा राग येतो, हे नाव घेऊन सांगावे. त्याला प्रार्थनेच्या पुस्तकातले शब्द लागत नाहीत.

यानंतरच अर्पणाकडे, म्हणजे आपले दुखणे कोणासाठी तरी देवाला वाहण्याकडे, यावे. भोग हा ज्याचा त्यानेच भोगायचा असतो आणि तो सरला की हातात काही उरत नाही. अर्पण मात्र कोणासाठी तरी केले जाते. कलस्सैकरांस पत्रात संत पौल लिहितो की ख्रिस्ताच्या क्लेशांतले जे उरले आहे ते मी ख्रिस्तसभेसाठी आपल्या देहात भरून काढतो. ख्रिस्ताच्या तारणात काही उणे राहिले, असा याचा अर्थ नव्हे; त्याने आपल्या दुःखात आपल्यासाठी जागा ठेवली, असा आहे.

हे करायचे कसे, ते मी आईकडून पाहिले. डाव्या हातात दोन सुया असल्यामुळे तो हलवता येत नसे, म्हणून जपमाळ उजव्या हातात असे आणि रक्तदाबाचा पट्टा दंडावर आवळला की मणी तेवढा वेळ थांबत. मंगळवार आणि शुक्रवार हे जपमाळेतल्या दुःखाच्या रहस्यांचेच, म्हणजे येशूच्या दुःखसहनावर मनन करण्याचेच दिवस, याची तिला मोठी गंमत वाटे. चार तासांची तिने वाटणीच करून टाकली होती: पहिला तास नातीच्या परीक्षेसाठी, दुसरा शेजारच्या खाटेवरच्या मुलासाठी, तिसरा घरातल्या मृतांसाठी. चौथ्या तासाला पायांत गोळे येत. "हा तास देवाचा, याचा हिशेब मला जमत नाही," एवढेच ती म्हणे. सगळ्या जगासाठी अर्पण करायला जाऊ नये, मन भरकटते; एक दुखणे, एक माणूस, इतके पुरे.

अर्पण करायचे म्हणून औषध टाळणे किंवा वेदनाशामक गोळी नाकारणे ही भक्ती नव्हे, तसे ख्रिस्तसभा मागतही नाही.

रुग्णाभिषेकाविषयी, म्हणजे फादरनी आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याच्या संस्काराविषयी, आपल्याकडे भलताच गैरसमज आहे. फादरना बोलावले म्हणजे आता आटोपले, असे समजून लोक शेवटच्या घटकेपर्यंत थांबतात. हे संस्कारतेल गंभीर आजारात, मोठ्या शस्त्रक्रियेआधी आणि म्हातारपणाच्या अशक्तपणातही कपाळाला आणि हातांना लावतात, आणि आजार बळावला तर पुन्हा लावता येते. घरी असल्यास छोट्या मेजावर पांढरे कापड, क्रूस आणि मेणबत्ती ठेवावी. इस्पितळात ऑक्सिजन चालू असेल तर मेणबत्ती पेटवू नये.

इतके करूनही शांती येईलच असे नाही. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारातच संपते आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. अशा कोरड्या दिवसांत आधी घेतलेला निर्णय बदलू नये, हा संत इग्नेशियस यांचा नियम पाळावा. झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर फादरबरोबर डॉक्टरांशीही बोलावे. 14416 या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येते.

सोबत बसणाऱ्याने क्रुसाच्या वाटेचे (येशूच्या क्रूसयात्रेवरच्या भक्तीचे) पाचवे स्थान ध्यानात ठेवावे; तिथे शिमोन येशूचा क्रूस वाहायला मदत करतो. कुरेनेकर शिमोन स्वखुशीने पुढे आला नव्हता, वाटेवरून चाललेल्या त्या माणसाला धरून आणले होते. त्यामुळे सेवा करताना कंटाळा आला, चिडचिड झाली, तर स्वतःला पापी समजू नये. आठवड्यातून एक दिवस दुसऱ्या कोणाला बसवून झोप काढावी. पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर 13 मे 1981 रोजी, म्हणजे आपल्या कॅम्पातल्या कॅथेड्रलची पालक असलेल्या फातिमा मातेच्या दिवशी, गोळ्या झाडल्या गेल्या. पुढे 11 फेब्रुवारी 1984 रोजी त्यांनी दुःखाच्या अर्थावर पत्र लिहिले. आपल्या दुःखाने इतरांचे भले करावे आणि दुःखी माणसाचेही भले करावे, अशा दोन्ही गोष्टी त्यात एकत्र येतात. आईने ते पत्र कधी वाचले नाही. तिसऱ्या तासाला ती मला खुणेने बोलावी आणि पलीकडच्या कन्नड बोलणाऱ्या आजींसाठी बिनसाखरेचा चहा आणायला पिटाळी.