वारली चित्रकार म्हणून काम सुरू करताना

गेरूचा थर बिघडला की वरचं पांढरं कितीही बारीक काढा, चित्र टिकत नाही. म्हणून आधी कापड. मांजरपाट गरम पाण्यात धुऊन खळ पूर्ण काढावी. ती राहिली तर गेरू आत मुरत नाही, वाळल्यावर पापुद्रे निघतात. थरासाठी शेण पाण्यात कालवून फडक्यातून गाळा, नाहीतर त्यातल्या गवताला चित्र काढायची बांबूची काडी अडखळते. गेरूचे दोन पातळ हात द्या, पहिला खडखडीत वाळल्यावर दुसरा. एकच जाड हात दिला तर गुंडाळताना तडा जातो.

पांढऱ्यासाठी वाटीभर तांदूळ रात्रभर भिजवून गंधासारखे वाटा, त्यात डिंकाचं पाणी. डिंक कमी पडला तर बोटाला पांढरं लागतं, जास्त झाला तर रेघ तडकते. कोपऱ्यात एक रेघ ओढा, वाळू द्या, बोट फिरवा, मगच पुढे जा. वाटण लवकर आंबतं, दिवसापुरतंच करा. विक्रीच्या कामात ॲक्रिलिक पांढरा चालतो, त्यात कमीपणा नाही. फक्त चित्रामागे तसं लिहा.

माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण दोन्ही सरळ उभे काढले की पुतळा होतो. वरचा किंचित कलला की तो चालू लागतो, नाचू लागतो. तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य. तारपा नाचात आधी तारपेवाला काढा आणि नाचणाऱ्यांची रांग त्याच्याभोवती टिंबांनी आखून घ्या. तारप्याकडे कुणी पाठ करत नाही.

लग्नाचा चौक, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरचं चौकोनी चित्र, सवासिनी काढतात, आत पालघट देवी बसते, लग्न लावणारी धवलेरी गाते. तो विधी आहे. बाजारासाठी चौक काढायचा की नाही, हे घरातल्या जाणत्या बायांना विचारूनच ठरवावं. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८, पद्मश्री २०११) यांनी चित्र विधीबाहेर, रोजच्या जगण्यात नेलं. त्यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र नीट पाहा: बारीक रेषांनीच सगळी हालचाल उभी राहते. त्याची नक्कल करू नका. तुमच्या पाड्यावरची भाताची आवणी, विहीर, एसटीचा थांबा काढा.

कागदपत्रांत बहुतेक जण फसतात. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे, पण ते 'वारली चित्रकला' या नावाचं संरक्षण करतं. तुमच्या एकेका चित्राचा कॉपीराइट वेगळा असतो आणि तो हयातभर अधिक ६० वर्षं राहतो. चित्र विकलं म्हणजे साड्या-कपांवर छापायचा हक्क विकला असं नाही. तो द्यायचाच असेल तर वस्तू, मुदत, प्रदेश आणि मानधन लेखी घ्या. हक्क लिहून देताना मुदत घातली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश घातला नाही तर भारत. 'सर्व हक्क कायमचे' असं वाक्य दिसलं की सही थांबवा.

चित्र हातातून जाण्याआधी उजेडात फोटो, माप, तारीख, किंमत, घेणाऱ्याचं नाव वहीत टिपा. पाठवताना रंगाची बाजू बाहेर ठेवून जाड नळीवर गुंडाळा, मध्ये साधा मऊ कागद. घडी कधीच नको.