क्रूझच्या सहलीसाठी सामान भरताना

क्रूझच्या सहलीत सामानाचा हिशेब इतर प्रवासापेक्षा वेगळा असतो. जहाजाने धक्का सोडला की विसरलेली वस्तू मिळण्याचे एकच ठिकाण उरते, ते म्हणजे जहाजावरचे दुकान. तिथे निवड मोजकी असते आणि किंमत जास्त. केबिन लहान असते, कपाटे अरुंद असतात आणि विजेच्या उपकरणांपासून वाळत घातलेल्या कपड्यांपर्यंत अनेक बाबतींत जहाजाचे स्वतःचे कडक नियम असतात. म्हणून ‘असू दे, लागेल कधीतरी’ असे म्हणत बॅगा कोंबण्यापेक्षा जहाजावरचा दिवस प्रत्यक्षात कसा जातो हे समजून घेऊन सामान भरणे केव्हाही श्रेयस्कर.

माझ्या मते सर्वांत जास्त विचार पहिल्या दिवशी हातात ठेवायच्या पिशवीचा करावा. बंदरावर पोहोचताच मोठ्या बॅगा हमालांच्या ताब्यात द्याव्या लागतात, त्या क्ष-किरण यंत्रातून तपासल्या जातात आणि मग प्रचंड ढिगातून निवडून ज्याच्या त्याच्या केबिनच्या दाराशी पोहोचवल्या जातात. या साऱ्याला कित्येक तास लागत असल्यामुळे दुपारी जहाजावर चढलेल्या प्रवाशाला त्याची बॅग संध्याकाळी, कधी तर रात्रीच्या जेवणानंतर मिळते. तोवर केबिनही अनेकदा तयार नसते. अशा वेळी पोहण्याच्या तलावाशेजारी जाड कपड्यांत घामेजून बसायचे नसेल, तर पोहण्याचा पोशाख, पातळ कपड्यांचा एक जोड, चपला, सनस्क्रीन, चष्मा आणि फोनचा चार्जर या वस्तू हातातल्या पिशवीतच असाव्यात. पासपोर्ट, प्रवासाची तिकिटे, रोख रक्कम, दागिने, कॅमेरा आणि सर्व औषधे यांच्याबाबत तर दुसरा विचारच नको: या वस्तू हमालाकडे द्यायच्या बॅगेत कधीही ठेवू नयेत.

जहाज कंपनी बॅगांना लावण्यासाठी जी ओळखपट्टी पाठवते, ती बहुधा आपल्यालाच साध्या कागदावर छापून, घड्या घालून बॅगेच्या मुठीला अडकवावी लागते. पावसात किंवा ओढाताणीत हा कागद सहज फाटतो. पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी-पिशवी मिळाली तर उत्तम, नाहीतर कागदावर रुंद चिकटपट्टी गुंडाळून तो स्टेपलरने पक्का करावा. बॅगेच्या आतही एका चिठ्ठीवर नाव, जहाजाचे नाव, केबिनचा क्रमांक आणि प्रस्थानाची तारीख लिहून ठेवली, म्हणजे बाहेरची पट्टी गळून पडली तरी बॅग मालकापर्यंत पोहोचते.

कागदपत्रांत सर्वांत आधी पासपोर्टची मुदत पाहावी, कारण अनेक देश प्रवासानंतर किमान 6 महिने शिल्लक असल्याशिवाय प्रवेश देत नाहीत. ज्यांना व्हिसा लागतो त्यांनी जहाजाचा मार्ग नकाशावर बोट ठेवून तपासावा. शेंगेन क्षेत्रातील, म्हणजे एकाच सामाईक व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातील, बंदरातून निघालेले जहाज मध्ये तुर्कस्तानच्या बंदराला लागून पुन्हा ग्रीसला येणार असेल, तर ती शेंगेन क्षेत्रातील दुसरी प्रवेशनोंद ठरते आणि एकाच प्रवेशाचा व्हिसा तिथे अपुरा पडतो. प्रवासविम्याची प्रतही हाताशी असावी. जहाजावरच्या दवाखान्यात उपचारांचे पैसे प्रवाशाकडूनच घेतले जातात, त्यामुळे वैद्यकीय खर्च आणि आपत्काळात रुग्णाला किनाऱ्यावरच्या रुग्णालयात हलवण्याचा खर्च या दोन्ही बाबी विम्यात आहेत का, हे निघण्यापूर्वीच वाचून घ्यावे. लहान मूल आई-वडिलांपैकी एकाबरोबर किंवा आजी-आजोबांबरोबर जात असेल, तर पालकांचे संमतिपत्रही बरोबर ठेवावे.

नेहमीची औषधे मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत, आणि त्या चिठ्ठीवर औषधाचे मूळ रासायनिक नाव असावे, कारण ब्रँडची नावे देशागणिक बदलतात. वादळामुळे जहाजाचा मार्ग बदलणे किंवा परतीला उशीर होणे ही गोष्ट दुर्मिळ नाही. म्हणून सहलीच्या दिवसांपेक्षा काही दिवसांची औषधे जास्त घ्यावीत.

बोट लागण्याच्या त्रासाची भीती अनेकांना वाटते, आणि त्यावरची तयारी घरूनच करावी लागते. कानाच्या आतील तोल सांभाळणारी यंत्रणा शरीर हलते आहे असे सांगते, तर केबिनमध्ये बसलेल्या माणसाच्या डोळ्यांना सारे स्थिर दिसते. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. मेक्लिझिन किंवा डायमेनहायड्रिनेट यांसारख्या गोळ्या मळमळ सुरू होण्यापूर्वी घेतल्या तरच नीट उपयोगी पडतात, आणि त्यांनी गुंगी येऊ शकते. स्कोपोलामिनची पट्टी कानामागे किमान 4 तास आधी लावावी लागते व तिचा परिणाम 3 दिवसांपर्यंत टिकतो. मात्र काचबिंदूच्या काही रुग्णांना ती चालत नाही, त्यामुळे डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. पट्टी हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नयेत, कारण त्या औषधाने बाहुली मोठी होऊन दिसणे अंधूक होते. आल्याच्या वड्या सोबत असल्या तर सौम्य त्रासात बऱ्याच जणांना बरे वाटते. ज्यांना हा त्रास हमखास होतो त्यांनी केबिन निवडतानाच जहाजाच्या मधल्या भागातली आणि खालच्या डेकवरची निवडावी, कारण तिथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात.

पोटाच्या विकारांबाबत एक गैरसमज आहे, तो इथेच दूर केलेला बरा. जहाजांवर पसरणाऱ्या नोरोव्हायरसवर अल्कोहोलचे सॅनिटायझर पुरेसे परिणामकारक नसते. साबण आणि पाण्याने नीट हात धुणे हाच खरा उपाय आहे. म्हणून सॅनिटायझरची बाटली घ्यावी, पण बंदरावर फिरताना उपयोगी पडेल असा कागदी साबण जरूर बरोबर ठेवावा, आणि क्षार-साखरेच्या पावडरीची काही पाकिटे औषधांत टाकावीत.

विजेच्या उपकरणांवरून जहाजावर चढताना सर्वाधिक खटके उडतात, म्हणून हा भाग थोडा सविस्तर. जुन्या केबिनमध्ये प्लगच्या जागा एक किंवा दोनच असतात, त्यामुळे घरातला एक्स्टेन्शन बोर्ड बॅगेत टाकण्याचा मोह होतो. पण जमिनीवरच्या घरात विजेची एक तार भूमीशी जोडलेली असते, तशी ती जहाजावर सहसा नसते. अशा वीजजाळ्यात सर्ज प्रोटेक्टर (विजेचा दाब अचानक वाढल्यास उपकरण वाचवणारी सोय) असलेला बोर्ड तापून आग लागण्याचा धोका निर्माण होतो. त्यामुळे असे बोर्ड तपासणीतच काढून घेतले जातात व सहल संपल्यावर परत मिळतात, आणि अनेक कंपन्या आता साधा एक्स्टेन्शन बोर्डही चालू देत नाहीत. यावर सरळ उपाय म्हणजे एकाच प्लगमधून तीन-चार यूएसबी केबल निघतील असा, सर्ज प्रोटेक्टर नसलेला चार्जर. बऱ्याच जहाजांवर अमेरिकी पद्धतीचा 110 व्होल्टचा आणि युरोपीय पद्धतीचा 220 व्होल्टचा असे दोन्ही प्रकारचे प्लग असतात. आपल्या चार्जरवर 100-240 व्होल्ट असे छापलेले असेल, तर फक्त पिनांचा अ‍ॅडाप्टर पुरतो. पॉवर बँक विमानाने जाताना हातातल्याच सामानात ठेवावी लागते, हेही विसरू नये. झोपेत श्वासासाठी सीपॅप यंत्र लागणाऱ्यांनी आधीच कंपनीला कळवावे. मग पलंगापर्यंत पोहोचणारी वायर आणि डिस्टिल्ड वॉटर यांची व्यवस्था सहसा होऊ शकते.

इस्त्री, कपड्यांना वाफ देणारे यंत्र, पाणी तापवण्याची किटली, मेणबत्ती, उदबत्ती यांपैकी काहीही नेऊ नये. समुद्रात अग्निशमन दल बाहेरून येत नाही, आग जहाजावरच्याच माणसांना विझवावी लागते, म्हणून या बाबतीत सवलत मिळत नाही आणि ती मागूही नये. त्याऐवजी सुरकुत्या न पडणारे कपडे निवडावेत, आणि चुरगळलेला सदरा गरम पाण्याने अंघोळ करताना न्हाणीघरात टांगून ठेवावा. वाफेने तो बराचसा सरळ होतो.

आता केबिनमधल्या सोयीची एक वस्तू, जी मी कोणालाही सर्वांत आधी सुचवेन: लोहचुंबकाचे हुक. केबिनच्या भिंती बहुतेक जहाजांत पोलादी पत्र्याच्या असतात, त्यामुळे त्यांना खिळा ठोकता येत नसला तरी चुंबक घट्ट चिकटतो. चार-सहा हुक भिंतीवर लावले की टोपी, ओला पोशाख, खांद्यावरची पिशवी आणि उद्याच्या सहलीची तिकिटे यांना आपापली जागा मिळते आणि इवल्याशा टेबलावरचा पसारा एकदम ओसरतो. हुक चांगल्या ताकदीचे घ्यावेत, प्रवासात कापडात गुंडाळून ठेवावेत आणि केबिनच्या चावीच्या कार्डापासून दूर ठेवावेत, कारण त्या कार्डावरची चुंबकीय नोंद पुसली जाऊ शकते.

खिडकी नसलेल्या केबिनमध्ये दिवा मालवल्यावर स्वतःचा हातही दिसत नाही, मग भरदुपार का असेना. रात्री न्हाणीघराकडे जाताना उंबरठ्याला ठेच लागू नये म्हणून सेलवर चालणारा छोटा दिवा न्यावा. शेजारच्या केबिनचे आवाज आणि यंत्रांची घरघर यांसाठी कानात घालायचे बोळे पुरतात. बॅगा शक्यतो मऊ कापडाच्या असाव्यात, म्हणजे रिकाम्या झाल्यावर त्या पलंगाखाली सरकवता येतात.

कपड्यांबाबत उन्हाळी ठिकाणच्या सहलीतही एखादे स्वेटर किंवा शाल हवीच, कारण भोजनगृहे आणि नाट्यगृह वातानुकूलनाने गारठलेली असतात आणि जहाज वेगात असताना डेकवर वारा झोंबतो. अलास्का किंवा नॉर्वेच्या बाजूला जायचे असेल, तर एका जाड कोटापेक्षा एकावर एक घालता येतील असे पातळ थर आणि वर पाणी न शिरणारे जाकीट जास्त उपयोगी पडते. अनेक जहाजांवर एक-दोन रात्री औपचारिक पोशाखाच्या असतात. त्या आपल्या जहाजावर आहेत का आणि त्यासाठी काय चालते, हे कंपनीच्या सूचनांत पाहूनच एखादा चांगला पोशाख घ्यावा. पोहण्याचे पोशाख दोन असावेत, म्हणजे एक वाळेपर्यंत दुसरा वापरता येतो. ओल्या डेकवर घसरणार नाहीत असे रबरी तळव्याचे बूट हवेत आणि ते घरी वापरून मोकळे झालेले असावेत. धुण्याच्या साबणाच्या छोट्या पुड्या नेल्या तर कपडे निम्मे कमी करता येतात. न्हाणीघरात बहुधा ओढून लावायची दोरी असते. बाल्कनीच्या कठड्यावर मात्र कपडे वाळत घालू नयेत. ते वाऱ्याने उडतात आणि बहुतेक जहाजांवर त्याला मनाईच असते.

बंदरावर उतरताना पाठीवरच्या हलक्या पिशवीत पाण्याची बाटली, टोपी, छत्री किंवा पातळ रेनकोट, पासपोर्टची छायाप्रत आणि त्या देशाच्या चलनातल्या लहान नोटा असाव्यात. जिथे जहाज धक्क्याला लागू शकत नाही तिथे प्रवाशांना छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेतात आणि पाण्याचे तुषार अंगावर येतात, म्हणून फोनसाठी जलरोधक पिशवी घ्यावी. साधे मनगटी घड्याळ तर अवश्य असावे: फोन किनाऱ्यावरची स्थानिक वेळ आपोआप धरतो, जहाज मात्र स्वतःच्या वेळेनुसार सुटते, आणि या दोन्हींत तासाभराचा फरक असू शकतो. घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून उतरावे, आणि जहाजाच्या दैनिक पत्रकात दिलेला कंपनीच्या त्या बंदरातील प्रतिनिधीचा दूरध्वनी क्रमांक कागदावर टिपून घ्यावा. समुद्रात असताना फोन विमान मोडवर ठेवावा, नाहीतर तो जहाजावरच्या उपग्रह जाळ्याला जोडला जाऊन अव्वाच्या सव्वा बिल येऊ शकते. यासाठी नकाशे घरूनच उतरवून घ्यावेत.

सनस्क्रीन निवडताना ठिकाणचे कायदे पाहावेत. हवाईमध्ये ऑक्सीबेंझोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर 1 जानेवारी 2021 पासून बंदी आहे, कारण ही रसायने प्रवाळांना हानिकारक मानली जातात. झिंक ऑक्साइडचे सनस्क्रीन घेतले तर हा प्रश्न येत नाही. दर दोन तासांनी ते पुन्हा लावायचे असल्याने बाटली पुरेशी मोठी असावी. देवमासे, हिमनद्या किंवा पक्षी पाहायचे असतील तर दुर्बीण हवीच, पण ती 7 किंवा 8 पट मोठे दाखवणारी असावी. त्याहून जास्त क्षमतेची दुर्बीण हलत्या डेकवर हातात स्थिर राहत नाही.

समुद्रकिनाऱ्यासाठीचे टॉवेल आणि केस वाळवण्याचे यंत्र सहसा जहाजावरच मिळते, तेव्हा ती जागा वाचवावी. ड्रोन बहुतेक कंपन्या चालू देत नाहीत. जहाजावरची फळे किंवा खाद्यपदार्थ बंदरावर घेऊन उतरू नये, कारण अनेक देशांत त्यासाठी दंड होतो.

शेवटच्या रात्रीची तयारीही सामान भरतानाच करावी लागते. मोठ्या बॅगा त्या रात्रीच केबिनबाहेर ठेवायला सांगतात आणि दुसऱ्या दिवशी त्या थेट बंदरावरच्या दालनात मिळतात. त्यासाठी एक घडीची पिशवी आधीपासून वेगळी ठेवावी. बॅगा बाहेर ठेवण्यापूर्वी त्या पिशवीत सकाळचे कपडे, बूट, दात घासण्याचे साहित्य, औषधे आणि पासपोर्ट आले आहेत ना, हे एकेक वस्तू हातात घेऊन तपासावे, आणि मगच बॅगेचे कुलूप लावावे.