मनपा शाळेत वर्गासाठी देणगी कशी मागायची

सहावी ते आठवीला शिकवणाऱ्या मनपाच्या शिक्षकांसाठी लिहितेय. "शाळेला मदत करा" असं मोघम मागू नका, समोरच्याला कळतच नाही नक्की काय द्यायचं. एका वर्गाचं एकच काम धरा. म्हणजे असं की आठवीला सूक्ष्मजीवांचा धडा आहे, वर्गात पन्नासेक पोरं आणि मायक्रोस्कोप एकच, त्याचाही आरसा फुटलेला, तर चार मायक्रोस्कोप, स्लाइड, कव्हरस्लिप, आयोडीनची बाटली एवढंच हवंय. कांद्याचा पापुद्रा पोरांनी स्वतः सोलून काचेवर ठेवला, वर आयोडीनचा थेंब टाकला की पेशींच्या भिंती दिसतात, हे अर्जात नक्की लिहा, देणारा तिथेच विरघळतो. यादीत ओल शोषणारी सिलिका जेलची पाकिटं पण घाला, पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते.

मग दोन-तीन दुकानांची जीएसटीसकट कोटेशन घ्या, मुख्याध्यापकांना दाखवा आणि शाळा व्यवस्थापन समितीत ठराव करून घ्या. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने समितीत ७५ टक्के पालक असतात, त्यांना नीट समजावलं तर त्यांच्यातलंच कोणीतरी आपल्या शेठला विचारून येतं.

मागायचं कुठे? माजी विद्यार्थी, रोटरी, लायन्स, आसपासचे दुकानदार. केंद्राचं विद्यांजली पोर्टल पण आहे, शाळेच्या यूडायस नंबरवर (प्रत्येक शाळेला मिळालेला सरकारी क्रमांक) नोंदणी करून वस्तूची मागणी टाकता येते. सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी समाजकामासाठी द्यायच्या पैशांच्या, मागे एका वर्गासाठी धावू नका असं माझं स्पष्ट मत आहे. मोठ्या कंपन्यांना मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावेच लागतात हे खरं, पण तो पैसा बहुतेक वेळा सीएसआर-१ नोंदणी (असा पैसा घ्यायला लागणारी सरकारी नोंदणी) असलेल्या संस्थांमार्फत येतो आणि त्यांना एका वर्गापेक्षा पंचवीस शाळा एकदम हव्या असतात.

रोख पैसे हातात अजिबात घेऊ नका. देणाऱ्याने थेट दुकानदाराला पैसे द्यावेत, सामान शाळेत यावं, त्याच दिवशी डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाच्या वहीत, नोंद. वस्तू दिली तर ८०जी ची, म्हणजे देणगीवरची आयकरातली, सूट मिळत नाही हेही देणाऱ्याला आधीच सांगून टाका, नंतर वाद नको.

आणि सामान आल्यावर पोरांना बॅनर धरून रांगेत उभं करू नका प्लीज, पोरांना फार अवघडल्यासारखं होतं. काम चालू असतानाचे फोटो पाठवा, चेहरे दिसत असतील तर पालकांना आधी विचारा. पोरांनी काय पाहिलं ते त्यांनाच लिहू द्या, शुद्धलेखन चुकलं तरी तसंच पाठवा.