फोर्कने अंबाडा: सगळी मदार पलटीवर

केसांत खोचायचा दोन दातांचा फोर्क म्हणजे अंबाड्याच्या आकड्याचंच थोरलं भावंड. पाच-सहा आकड्यांचं काम तो एकटा करतो, शिवाय दोन दातांमुळे एका काडीसारखा गरकन फिरत नाही. पण अंबाड्यात नुसता खुपसला, तर चार पावलांत सैल पडतो.

आधी माप बघा. केस गुंडाळून अंबाड्याची रुंदी मोजा. फोर्कचे दात त्याहून दोन-अडीच सेंटीमीटर लांब हवेत. अंबाडा सात सेंटीमीटरचा असेल, तर दात साडेनऊचे. विकत घेताना सांगितलेली लांबी बहुतेकदा डोक्यासकट, म्हणजे दात जोडणाऱ्या वरच्या भागासकट असते, म्हणून दातांची वेगळी विचारा. टोकं जुन्या शिफॉनच्या ओढणीवरून ओढून बघा. धागा अडकला, की केसही अडकणार.

केस कोरडे आणि गुंता काढलेले असावेत. ओला केस ताणला की लवकर तुटतो, आणि लाकडी फोर्कही पाण्याने फुगतो. नुकतेच धुतलेले केस फार निसटत असतील, तर दोन थेंब खोबरेल तळहातांवर चोळून वरवर फिरवा.

कानांच्या वरच्या टोकांच्या रेषेत सगळे केस मुठीत घ्या. मुळापासून पीळ भरा आणि ज्या दिशेला पीळ, त्याच दिशेला वेटोळी घाला. उलट गुंडाळलं की पीळ सुटतो. शेंडा शेवटच्या वेढ्याखाली सारून डाव्या तळव्याने अंबाडा दाबून धरा.

आता खरं काम. उजव्या हातात फोर्क असा धरा, की त्याचं डोकं अंबाड्यावर येईल, टोकं बाहेरच्या बाजूला राहतील आणि बाकाची खोलगट बाजू तुमच्या डोक्यापासून उलटी, म्हणजे बाहेर असेल. अंबाड्याच्या उजव्या कडेपासून साधारण एक सेंटीमीटर आत टोकं घाला, ती कातडीला हलकेच लागेपर्यंत. तिथले मुळाचे थोडे केस टोकांवर घ्या. मग फोर्क पूर्ण उलटा करा: डोकं बाहेर जाईल, टोकं अंबाड्याच्या मध्याकडे वळतील. आता कातडीला लागून, अंबाड्याखालून सरळ डावीकडे सरकवा. आत जाताना थोडा विरोध जाणवलाच पाहिजे. तो ताणच अंबाडा धरून ठेवतो. पलीकडच्या कडेतून टोकं सेंटीमीटरभर बाहेर आली, की झालं.

आता स्वतःचं डोकं हलवून बघा. अंबाडा लोंबकळला, तर मुळाचे केस उचललेच गेले नाहीत, फक्त वेटोळी अडकली. एकाच जागी दुखत असेल, तर मोजक्याच केसांवर सगळा भार आलाय. काढा आणि थोडे जास्त केस घेऊन पुन्हा घाला. सवय होईल म्हणून दुखणं सहन करू नका. टोकं अंबाड्याच्या मधूनच वर आली, तर सरकवताना फोर्क तिरका झालाय. अडला म्हणून लाकडी फोर्क पिरगळू नका, दात बुडाशी मोडतो.

कंबरेखाली पोचणाऱ्या दाट केसांची आधी वेणी घाला, मग गुंडाळा. वेणीच्या पेडांत दात छान रुततात. गजरा अगदी शेवटी, आणि पाणी झटकून. ओल्या गजऱ्याने लाकूड डागाळतं.

काढताना आला त्याच वाटेने सरळ ओढा, मग पीळ हातानेच सोडवा. हेल्मेट घालण्याआधी किंवा गाडीत मान मागे टेकण्याआधी फोर्क पर्समध्ये टाका, नाहीतर डोक्याला टोचेल.