ग्रॅमचे कप करताना: अमेरिकेत नव्याने आलेल्यांसाठी

सगळ्यात आधी २४० हा आकडा डोक्यातून काढा. इथला कप साधारण २४० मिलिलिटरचा, म्हणून एक कप म्हणजे २४० ग्रॅम, असा हिशेब नवीन आलेली बहुतेक मंडळी करतात. पाण्याला तो चालतो, दुधालाही जवळपास चालतो. मैद्याला मुळीच चालत नाही. चमच्याने हलक्या हाताने भरून वरून सुरीने सपाट केलेल्या कपात मैदा १२० ते १२५ ग्रॅमच मावतो. त्याच कपात साखर २०० ग्रॅम, लोणी २२७ आणि मध तब्बल ३४०. पाककृतीत ५०० ग्रॅम मैदा असेल तर चार कप लागतात. लोक दोन कप घालतात, पीठ पातळ होतं आणि बोल लागतो इथल्या ओव्हनला. प्रत्येक जिन्नसाचा आकडा वेगळा, हे फ्रिजवर लिहून चिकटवा.

तो आकडा शोधायला लांब जावं लागत नाही. मैद्याच्या पिशवीवर पोषणमूल्यांच्या चौकटीत पाव कप म्हणजे ३० ग्रॅम असं छापलेलं असतं. चारने गुणा, झालं.

पण कप पिशवीत खुपसून भरलात तर त्यात १४०-१५० ग्रॅम मैदा जातो. चार कपांत शंभर ग्रॅमचा फरक पडला की पाव दगडासारखा होतो. इथल्या लोकांचा हात कपावर लहानपणापासून बसलेला असतो. त्यांची बरोबरी करायला जाऊ नका, पहिल्याच महिन्यात वजनकाटा घ्या. यीस्ट, सोडा अशा दोन-तीन ग्रॅमच्या गोष्टींना मात्र चमचाच बरा, कारण घरगुती काटा इतक्या कमी वजनाला भरवशाचा नसतो. कोरडं यीस्ट ७ ग्रॅम म्हणजे सव्वादोन टीस्पून.

आपल्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरणाऱ्या तक्त्यांवर माझा विश्वास नाही. तक्ता कुठल्या देशाचा, हे कुणी लिहीतच नाही. ऑस्ट्रेलियात कप २५० मिलिलिटरचा आणि टेबलस्पून २० चा. इथला टेबलस्पून १५ चा. राईस कुकरसोबत येणारा कप तर १८० चा असतो, तो मापाच्या कपांत मिसळू देऊ नका.

औंस दोन असतात, एक वजनाचा आणि एक द्रवाच्या मापाचा. मधाच्या पाककृतीत कुठला आहे ते नीट बघा.

लोण्याच्या कांडीवर टेबलस्पूनच्या रेषा छापलेल्या असतात, तिथेच कापा.

मिठाची बाब वेगळीच. बारीक मीठ टीस्पूनभर सहा ग्रॅम भरतं, पण इथल्या पाककृतींत अनेकदा जाड, पापुद्र्याचं मीठ धरलेलं असतं आणि त्यातलं काही तेवढ्याच चमच्यात निम्मंच बसतं. कुठलं मीठ ते लिहिलं नसेल तर आधी अर्धं घाला आणि चव बघा.