सिद्दींच्या जमात-दर्जाचा प्रस्ताव कसा बांधावा

कर्नाटकातल्या सिद्दींना, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या समाजाला, 2003 मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, पण तो उत्तर कन्नड जिल्ह्यापुरता. शेजारच्या बेळगाव-धारवाडच्या सिद्दींना 2020 च्या दुरुस्तीची वाट पाहावी लागली. असा भाग पुन्हा सुटू नये म्हणून अभ्यासक-कार्यकर्त्याने आधी तालुकावार वस्त्यांची यादी करावी. दर घरामागे सून कुठल्या गावची, लेक कुठे दिली, हे लिहून घ्यावं. उत्तर कन्नडमधल्या यल्लापूर-हल्याळच्या सोयरिकी धारवाडमधल्या कलघटगी आणि बेळगावमधल्या खानापूरपर्यंत दिसल्या, की समाज एकच असल्याचा याहून भक्कम पुरावा लागत नाही.

मग कागद. सिद्दी हिंदू आहेत, मुस्लिम आहेत, ख्रिश्चनही आहेत. शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं ‘मुस्लिम’ किंवा ‘ख्रिश्चन’ लिहिलेलं असतं आणि अर्ज तिथेच अडतो. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही (ती अनुसूचित जातींना आहे), हे प्रस्तावात ठळक मांडा. आजोबा-पणजोबांच्या जुन्या नोंदी शोधा. सिद्दी, सिद्धी, सिदी ही सगळी रूपं प्रस्तावात द्या. पुढे जमातीचा दाखला देताना सरकारी यादीतलं नाव अक्षरशः जुळवून पाहिलं जातं.

जमात कुणाला म्हणावं, याचे 1965 च्या लोकुर समितीचे निकष पाच: आदिम लक्षणं, वेगळी संस्कृती, भौगोलिक अलगपणा, बाहेरच्या समाजाशी संपर्काचा बुजरेपणा, मागासलेपण. आफ्रिकी वंश त्यांत नाही. तरी केस आणि वर्ण यांच्या वर्णनावर पानं खर्च होतात. ती माणसांचा अपमान करतात आणि एकही निकष सिद्ध करत नाहीत. त्याऐवजी तिन्ही धर्मांतली घरं मिळून करतात ती हिरियारूंची, म्हणजे पूर्वजांची, पूजा आणि दमाम या ढोलाच्या तालावरचा नाच तपशिलाने नोंदवा: कोण वाजवतं, कोण नाचतं, नैवेद्य काय. सोबत जमिनीचे उतारे, जंगलावरची उपजीविका आणि शाळागळतीचे आकडे जोडा.

प्रस्ताव राज्य सरकारनेच पाठवावा लागतो. संघटनेने थेट दिल्लीला धाडलेलं निवेदन पुरत नाही. राज्याचा प्रस्ताव केंद्राकडून भारताच्या महानिबंधकांकडे (जनगणनेचं काम पाहणारं कार्यालय), मग राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगाकडे, मंत्रिमंडळाकडे आणि शेवटी कलम 342 खाली संसदेत जातो. महानिबंधकांनी नकार दिला तर राज्याला एकदा फेरविचाराची संधी मिळते. दुसऱ्यांदाही नकार आला तर प्रस्ताव फेटाळला जाऊ शकतो, तेव्हा त्यांच्या एकेका आक्षेपाला नव्या पुराव्याने उत्तर द्या.

कामासाठी पुण्यात आलेल्या कुटुंबांना एक गोष्ट आधीच सांगावी: कर्नाटकातल्या दाखल्यावर महाराष्ट्र सरकारच्या राखीव जागा मिळत नाहीत.