दसरा ते दसरा: बाबासाहेब आणि त्यांचा काळ वर्षभरात कसा वाचावा

दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात आणि लोक पिशव्या भरभरून पुस्तकं घरी नेतात. त्यातली बरीचशी पन्नासेक पानांच्या पुढे जात नाहीत. वाचणाऱ्याला ओढ नसते असं नाही, पण कुठून सुरुवात करायची तेच ठरलेलं नसतं. दिवसाला 12 पानं आणि वर्षातले 300 दिवस धरले, तर 3,600 पानं होतात. एवढ्यात माणूस आणि त्याचा काळ दोन्ही नीट कळू शकतात, फक्त क्रम सांभाळावा लागतो.

आधी खरेदी. महाराष्ट्र शासनाने 1979 पासून काढलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन आणि भाषणांचे खंड हा सगळ्याचा पाया. हे काम सुरू केलं ते आपल्या नागपूरच्या वसंत मून यांनी. सगळे खंड एकदम घेऊ नका, वजनानेही आणि मनानेही ते झेपत नाहीत. पहिल्या वर्षी तीन-चार पुरेत. पैसे देण्याआधी पुस्तक उलटून पानांचे आकडे सलग आहेत का ते बघा. जाड पुस्तकाच्या बांधणीत कधी एखादा फर्मा (एकत्र छापून दुमडलेल्या पानांचा गठ्ठा) गळतो किंवा दोनदा लागतो, आणि तो घरी आल्यावर सापडला तर बदलून घेणं कठीण जातं. भाषणांची सुटी पुस्तिका घेत असाल तर भाषणाची तारीख आणि ठिकाण छापलंय का ते पाहा. नसेल तर घेऊ नका, परत ठेवा.

तारखेचा एवढा आग्रह अशासाठी, की खंडांचे क्रमांक काळाच्या क्रमाने लावलेले नाहीत. पहिल्या खंडात 1916 चा कोलंबियातला जातीवरचा निबंध आहे आणि 1936 चं जातिनिर्मूलनाचं न झालेलं भाषणही आहे. मधला महाडचा सत्याग्रह (मार्च 1927), काळाराम मंदिराचा सत्याग्रह (मार्च 1930), पुणे करार (सप्टेंबर 1932) हा सगळा काळ गळून जातो. खंड एक, मग दोन, मग तीन असं वाचणाऱ्याला 1936 चा सूर एकाएकी इतका कडक का झाला ते उमगत नाही. तो नऊ वर्षांच्या अनुभवातून आलेला आहे.

म्हणून एक दोनशे पानी वही घ्या आणि उभे चार रकाने आखा: तारीख, ठिकाण, समोर कोण, बोलणारा कोणत्या नात्याने बोलतोय. चौथा रकाना लोक सोडून देतात, आणि गफलत तिथेच होते. मुंबई कौन्सिलातले (प्रांताच्या कायदेमंडळातले) सभासद, 1942 ते 1946 मधले मजूरमंत्री आणि घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष हे एकच गृहस्थ, पण प्रत्येक ठिकाणी त्यांच्यावरची बंधनं वेगळी. मसुदा समितीच्या वतीने मांडलेलं कलम त्यांचं खाजगी मत म्हणून वापरलं की अर्थाचा अनर्थ झालाच.

एक उदाहरण आपल्या गावचंच घ्या. ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ हे पाटीवर, टोपीवर, ऑटोच्या मागे सगळीकडे दिसतं. जुलै 1942 मध्ये नागपुरातच अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली. तिथल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी भाषणातला क्रम आहे एज्युकेट, अ‍ॅजिटेट, ऑर्गनाइज. म्हणजे शिक्षणानंतर लगेच मन चेतवणं येतं आणि संघटना तिसरी. ‘अ‍ॅजिटेट’ म्हणजे आधी विचाराने ढवळून निघणं. मराठी घोषणेत जागा बदलली आणि शब्दही बदलला. वहीत दोन्ही रूपं समोरासमोर लिहा, भाषांतर कसं वाचायचं ते या एका ओळीवरून कळतं. याच परिषदेच्या वेळी महिलांचीही परिषद झाली, अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे तिच्या अध्यक्ष होत्या. तो वृत्तांत वगळू नका.

विदर्भातल्या वाचकाची आणखी एक अडचण होते. तेव्हा नागपूर मुंबई इलाख्यात नव्हतं, मध्यप्रांत व वऱ्हाडात होतं. त्यामुळे मुंबई कौन्सिलाच्या कामकाजात नागपूर शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. दीक्षेच्या दिवशी, 14 ऑक्टोबर 1956 लाही, नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. ते मुंबई राज्यात आलं 1 नोव्हेंबरला. इथलं जुनं काही शोधायचं तर मध्यप्रांताच्या नावाखाली शोधा. किसन फागूजी बनसोडे आणि जाईबाई चौधरी ही इथल्या दलित चळवळीतली नावं तिथेच भेटतात. घरगल्लीतला काळ हवा असेल तर मून यांचंच ‘वस्ती’ घ्या, वर्षाच्या मध्यावर ते वाचलं की खंडांचा भार हलका होतो.

पुणे कराराला मात्र सबंध आठवडा द्या. त्यावर लोक वाद घालतात, करार क्वचितच वाचतात. तो छोटा आहे, एका बैठकीत होतो. आधी ऑगस्ट 1932 चा ब्रिटिश सरकारचा जातीय निवाडा वाचा, मग 24 सप्टेंबरचा करार, आणि प्रांतिक कायदेमंडळांतल्या दलितांच्या राखीव जागांचा तक्ता वहीत उतरवा: एकूण 148, त्यात मुंबई-सिंधला 15 आणि मध्यप्रांताला 20. त्यानंतर गांधीजींची त्या दिवसांतली पत्रं वाचा, आणि बाबासाहेबांनी 1945 मध्ये काँग्रेसवर लिहिलेलं पुस्तक (खंड 9) सर्वांत शेवटी. उलट क्रमाने गेलात तर निकाल आधी आणि पुरावा नंतर असं होतं.

चरित्र कधी वाचायचं? निदान चार महिने मूळ लेखन झाल्यावर. धनंजय कीरांचं एकाच पुस्तकात संपतं, तर चां. भ. खैरमोडेंचं अनेक खंडांचं आहे. तारीख अडली की खैरमोडे काढावेत, सलग वाचायला कीर बरे.

‘मूकनायक’ (पहिला अंक 31 जानेवारी 1920) आणि ‘बहिष्कृत भारत’ या बाबासाहेबांच्या वृत्तपत्रांची मराठी सुरुवातीला जड जाते. वाक्यं लांब आहेत, अनुस्वार जुन्या वळणाचे आहेत. मोठ्याने वाचा. दोन-तीन लेखांत कानाला लय सापडते, आणि डोळ्यांना अडणारं वाक्य जिभेवर सहज सुटतं. ‘मूकनायक’च्या अंकाच्या डोक्यावरचा तुकोबांचा अभंगही सोडू नका, संपादकाची भूमिका तोच सांगतो.

शेवटचे पंधरा दिवस राखून ठेवा. येवल्याचं 13 ऑक्टोबर 1935 चं भाषण, मुंबईतलं मे 1936 चं ‘मुक्ती कोन पथे?’, आणि नागपूरचं 15 ऑक्टोबर 1956 चं, ही तीन लागोपाठ वाचा. येवल्याची धर्मांतराची घोषणा आणि दीक्षा यांत 21 वर्षं आणि एक दिवस आहे. नागपूरच का निवडलं, याचं उत्तर शेवटच्या भाषणात त्यांनी स्वतः दिलंय: नाग लोक आणि त्यांनी केलेला धम्माचा प्रसार. राष्ट्रीय स्वयंसेवक संघ इथे आहे म्हणून हे शहर निवडलं, हा तर्क ते तिथेच खोडून काढतात. हा उतारा वहीत अक्षरशः उतरवून ठेवा. दसऱ्याला स्टॉलवर पुढच्या वर्षाची पुस्तकं निवडताना वही सोबत असू द्या, कोणता रकाना रिकामा राहिलाय ते बघून खंड घेता येतो.